रिंग होती, तरी नेट का बंद पडलं? बीजीपी सेशनचा सोर्स अ‍ॅड्रेस नीट कसा लावायचा



या धड्याचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल तर हा लेख शेजारी उघडा ठेवा, कारण आकडे आणि पायऱ्या व्हिडिओतून लिहून घेणं जिकिरीचं असतं. बघितला नसेल तरी हरकत नाही, इथे सगळं पहिल्यापासून सांगतो.

हा धडा कोणासाठी? ज्यांना आपल्या तालुक्यात छोटी इंटरनेट सेवा सुरू करायची आहे, जे केबलचा धंदा करता करता फायबरकडे वळतायत, किंवा माझ्यासारखं दुकान टाकून इतरांची नेटवर्क उभी करून देणार आहेत, त्यांच्यासाठी. मी इंजिनिअर नाही, बीबीए केलंय. जे शिकलो ते दुकानात बसून, राउटर उघडून आणि चुका करून शिकलो. आजचा धडा अशाच एका चुकीतून आलाय. ती चूक दुसऱ्या कोणाची नाही, माझीच होती.

त्या दिवशी काय झालं

एका केबलवाल्या काकांचं नेटवर्क मी बांधून दिलं होतं. तीन ठिकाणं, तीन राउटर. पहिला शहरातल्या ऑफिसात, तिथेच अपस्ट्रीमची लाइन येते. दुसरा मोठ्या गावात. तिसरा मधल्या वस्तीवर. तिघांना फायबरने गोल जोडलं होतं: पहिला ते दुसरा थेट, पहिला ते तिसरा, आणि तिसरा ते दुसरा. काकांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "काका, आता रिंग झाली. एका बाजूने फायबर तुटलं तरी दुसऱ्या बाजूने नेट चालणार." रिंगच्या जादा फायबरचा खर्च काकांनी याच शब्दावर केला होता.

चार महिन्यांनी रस्त्याच्या कामात जेसीबीने पहिला ते दुसरा हे फायबर तोडलं. सकाळचे दहा वाजले होते. तीन मिनिटांत मोठ्या गावातले सगळे ग्राहक बंद. दूध संकलन केंद्र बंद, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट अडकले, एका क्लासमधली ऑनलाइन टेस्ट अर्ध्यात राहिली. मधल्या वस्तीवर मात्र नेट छान चालू!

मी दुसऱ्या राउटरवर गेलो. तिसऱ्या राउटरला पिंग जातंय. तिसऱ्यामार्गे पहिल्या राउटरलाही पिंग जातंय. म्हणजे रस्ता आहे, रिंग जिवंत आहे, पण नेट नाही. काका शेजारी उभे. ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "अरे, तूच म्हणाला होतास ना, रिंग आहे म्हणून?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्प्लायसिंगवाले येऊन जोड मारेपर्यंत दुपारचे चार वाजले. सहा तास! आणि कारण काय होतं? बीजीपी सेशनला मी चुकीचा पत्ता दिला होता. एका ओळीची गोष्ट.

आधी मूळ गोष्ट: सेशन म्हणजे काय?

राउटर एकमेकांना सांगतात, "या या पत्त्यांकडे जायचं असेल तर माझ्याकडे पाठव." हे सांगण्याची जी भाषा, तिला राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात. आपल्या कामात दोन येतात.

पहिला ओएसपीएफ. हा घरातला. आपल्याच राउटरमध्ये कुठली लाइन चालू आहे, कुठली बंद, जवळचा रस्ता कोणता, हे तो बघतो. तो प्रत्येक लाइनवर हाक मारून शेजारी स्वतःच शोधतो. त्याला शेजाऱ्याचा पत्ता आपण सहसा सांगावा लागत नाही.

दुसरा बीजीपी. अख्खं इंटरनेट यावर चालतं. याची पहिली कल्पना १९८९ साली सिस्को आणि आयबीएमच्या दोन इंजिनिअरांनी जेवणाच्या टेबलावर, नॅपकिनवर मांडली होती. आज वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीचा नियमग्रंथ २००६ चा आहे. बीजीपी शेजारी शोधत नाही. शेजारी कोण, त्याचा पत्ता काय, त्याचा एएस नंबर काय, हे सगळं आपण हाताने लिहायचं. मग तो त्या पत्त्यावर टीसीपीच्या १७९ नंबरच्या पोर्टवर कनेक्शन लावतो आणि ते कायम उघडं ठेवतो. हे उघडं कनेक्शन म्हणजे सेशन. बऱ्याच राउटरवर होल्ड टाइम १८० सेकंद असतो. एवढ्या वेळात शेजाऱ्याचा आवाज आला नाही की सेशन पडतं, आणि त्या सेशनवरून शिकलेले सगळे रस्ते पुसले जातात.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या राउटरमधलं सेशन म्हणजे बाहेरचं, ईबीजीपी. आपल्याच दोन राउटरमधलं म्हणजे आतलं, आयबीजीपी. आतल्या सेशनचा एक नियम पक्का लक्षात ठेवा: एका आतल्या शेजाऱ्याकडून ऐकलेला रस्ता दुसऱ्या आतल्या शेजाऱ्याला सांगायचा नाही. म्हणून प्रत्येकाचं प्रत्येकाशी सेशन लागतं. तीन राउटरना तीन सेशन, सहा राउटरना पंधरा.

आता काकांच्या नेटवर्कचं कोडं सुटतं बघा. मी पहिला आणि दुसरा राउटर यांच्यातलं सेशन त्यांच्या मधल्या लाइनच्या पत्त्यांवर लावलं होतं. ती लाइन तुटली, पत्ते गेले, सेशन पडलं. बाहेर जायचा डीफॉल्ट रस्ता दुसऱ्या राउटरला फक्त त्याच सेशनवरून मिळत होता. तिसऱ्या राउटरला तो रस्ता माहीत होता, त्याचं दुसऱ्याशी सेशनही चालू होतं, पण वरच्या नियमामुळे तो दुसऱ्याला सांगू शकत नव्हता. रस्ता समोर होता, पण सांगणारं कोणी नव्हतं.

सोर्स अ‍ॅड्रेस: डबल सिमचं उदाहरण

समजा तुमचा एक होलसेलर आहे. तो अनोळखी नंबर उचलतच नाही. तुमचा एक नंबर त्याने सेव्ह केलाय. तुमच्या फोनमध्ये दोन सिम आहेत. तुम्ही त्याला फोन लावला, पण चुकून दुसऱ्या सिमवरून गेला. त्याच्या स्क्रीनवर अनोळखी नंबर दिसला, त्याने कट केला. माणूस तुम्हीच, काम तेच, पण फोन लागत नाही.

राउटरचं अगदी असंच आहे. राउटरला जितक्या लाइन तितके पत्ते. तो कनेक्शन लावताना सहसा ज्या लाइनवरून बाहेर पडतो त्या लाइनचा पत्ता 'पाठवणारा' म्हणून लावतो. हाच सोर्स अ‍ॅड्रेस. समोरच्या राउटरकडे आपला जो पत्ता लिहिलाय तो आणि हा जुळला तरच तो कनेक्शन घेतो, नाहीतर झटकून टाकतो.

म्हणजे दोन गोष्टी जुळवायच्या असतात:

१. मी कोणाला फोन लावतोय, म्हणजे शेजाऱ्याचा पत्ता.
२. मी कुठल्या नंबरवरून लावतोय, म्हणजे माझा सोर्स अ‍ॅड्रेस.

नवीन मुलं पहिली गोष्ट लिहितात आणि दुसरी विसरतात.

लूपबॅक: जो पत्ता कुठल्याच लाइनचा नाही

मग सोर्स म्हणून कुठला पत्ता द्यायचा? लाइनचा दिला तर लाइन तुटली की पत्ता गेला. म्हणून राउटरमध्ये एक नुसता नावापुरता इंटरफेस बनवतात, त्याला लूपबॅक म्हणतात. त्याला केबल नाही, पोर्ट नाही. राउटर चालू आहे तोपर्यंत लूपबॅक चालू. त्याला एकच पत्ता देतात, ३२ च्या मास्कने. हा पत्ता ओएसपीएफमध्ये टाकला की बाकीच्या राउटरना कळतं, "या राउटरकडे सध्या कुठल्या बाजूने पोचता येईल." एक लाइन तुटली की ओएसपीएफ दुसऱ्या बाजूने रस्ता लावतो, आणि वरचं बीजीपी सेशन तसंच चालू राहतं.

इथे वेळेचं गणित महत्त्वाचं आहे. फायबर थेट राउटरच्या एसएफपीत असेल तर तुटल्यावर पोर्ट लगेच डाउन होतो आणि काही सेकंदांत रस्ता बदलतो. पण मध्ये मीडिया कन्व्हर्टर असेल तर फायबर तुटूनही राउटरचा पोर्ट चालूच दिसू शकतो. तेव्हा ओएसपीएफला त्याच्या हॅलो पाकिटांवरून कळतं. साधारण दर १० सेकंदांना हॅलो, आणि ४० सेकंद काही आलं नाही की शेजारी मेला असं तो धरतो. ४० सेकंद हे १८० पेक्षा कमी आहेत. म्हणजे बीजीपीला कळायच्या आत खालचा रस्ता दुरुस्त झालेला असतो. ग्राहकाला फार तर व्हिडिओ थोडा अडकलेला दिसेल. कुठे ते आणि कुठे सहा तास!

आणि खर्च? शून्य रुपये. लूपबॅक विकत घ्यावा लागत नाही.

सेटिंग पायरीपायरीने

उदाहरणासाठी एएस नंबर ६४५०० घेतलाय. हा लेख-पुस्तकांतल्या उदाहरणांसाठीच राखलेला नंबर आहे, खऱ्या नेटवर्कवर वापरू नका. कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, राउटरवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिसतं.

पायरी १: तिन्ही राउटरवर लूपबॅक बनवा.
पहिला: १०.२५५.०.१
दुसरा: १०.२५५.०.२
तिसरा: १०.२५५.०.३
मायक्रोटिकच्या जुन्या आवृत्तीत एकही पोर्ट न जोडलेला ब्रिज बनवून त्यालाच लूपबॅक म्हणून वापरतात. या पत्त्यांचा कागद करून रॅकमध्ये चिकटवा. पुढे हाच कागद उपयोगी पडतो.

पायरी २: लूपबॅक ओएसपीएफमध्ये टाका. राउटर आयडीही तोच ठेवा. लूपबॅकचा रस्ता बीजीपीतून शिकवायचा नाही. ज्या सेशनला उभं राहायला तो पत्ता लागतो, त्याच सेशनवरून तो पत्ता मिळवायचा म्हणजे दुकानाची किल्ली दुकानातच कुलूपबंद ठेवण्यासारखं आहे.

पायरी ३: लूपबॅकवरून लूपबॅकला पिंग करून बघा. साधं पिंग नाही, सोर्स देऊन. सिस्कोवर: पिंग १०.२५५.०.२ सोर्स लूपबॅक०. मायक्रोटिकवर पिंगला एसआरसी-अ‍ॅड्रेस द्यायचा. साधं पिंग गेलं आणि हे गेलं नाही, तर परतीचा रस्ता नाही असं समजा. ते नीट होईपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी ४: सेशन लिहा. पहिल्या राउटरवर, सिस्कोच्या पद्धतीने:

राउटर बीजीपी ६४५००
नेबर १०.२५५.०.२ रिमोट-एएस ६४५००
नेबर १०.२५५.०.२ अपडेट-सोर्स लूपबॅक०
नेबर १०.२५५.०.२ नेक्स्ट-हॉप-सेल्फ

दुसऱ्या राउटरवर हेच, फक्त शेजारी १०.२५५.०.१. आजच्या धड्याचा जीव तिसऱ्या ओळीत आहे. "या शेजाऱ्याशी बोलताना माझा लूपबॅकचाच नंबर दाखव," असं ती राउटरला सांगते.

शेवटची ओळही सोडू नका. बाहेरून शिकलेला रस्ता आतल्या शेजाऱ्याला सांगताना बीजीपी पुढच्या मुक्कामाचा पत्ता आपणहून बदलत नाही. अपस्ट्रीमच्या राउटरचा पत्ताच पुढे देतो, आणि तो दुसऱ्या राउटरला माहीत नसतो. नेक्स्ट-हॉप-सेल्फ लावलं की पुढचा मुक्काम म्हणून आपला लूपबॅक जातो.

इतर कंपन्यांचे शब्द वेगळे, अर्थ एकच. लिनक्सवरच्या एफआरआरमध्ये सिस्कोसारखंच अपडेट-सोर्स. ज्युनिपरमध्ये लोकल-अ‍ॅड्रेस. मायक्रोटिकच्या सहाव्या आवृत्तीत अपडेट-सोर्स, सातव्या आवृत्तीत बीजीपी कनेक्शनमधला लोकल.अ‍ॅड्रेस. समोरचा लूपबॅक आपल्या थेट जोडलेल्या नेटवर्कात नसतो, म्हणून मायक्रोटिकवर मी मल्टीहॉपचा पर्यायही चालू ठेवतो.

पायरी ५: फायरवॉल बघा. १७९ पोर्ट फक्त जुन्या लाइनच्या पत्त्यांना उघडा ठेवला असेल, तर नवीन लूपबॅकच्या पत्त्यांनाही परवानगी द्या.

पायरी ६: आधी नवीन, मग जुनं. चालू नेटवर्कवर जुनं सेशन काढून नवीन लावायला जाऊ नका. नवीन शेजारी लूपबॅकच्या पत्त्याने वेगळा लिहा, तो उभा राहून त्यावर रस्ते आले की जुना काढा. काम रात्री करा. मायक्रोटिकवर सेफ मोड लावा, सिस्कोवर दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट होईल असं लावून ठेवा. चुकून स्वतःलाच बाहेर काढलंत तर राउटर जुन्या सेटिंगवर परत येतो. फक्त काम होईपर्यंत सिस्कोवर सेव्ह करू नका, आणि काम झालं की तो रीस्टार्ट रद्द करायला विसरू नका.

अर्धवट केलेलं काम, जे चालतंय असं वाटतं

इथे एक फसवी गोष्ट आहे. अपडेट-सोर्स फक्त एका बाजूला लावलं, दुसऱ्या बाजूला विसरलात, तरी अनेकदा सेशन उभं राहतं!

असं का? दोन्ही राउटर एकमेकांना फोन लावत असतात. ज्या बाजूला अपडेट-सोर्स आहे तिचा फोन ओळखीच्या नंबरवरून जातो, समोरचा उचलतो. उलट बाजूचा फोन अनोळखी नंबरवरून येतो, तो कट होतो. पण एक लागला की काम झालं. तुम्ही खूश, ग्राहक खूश. पुढे कधीतरी एका बाजूला फायरवॉलचा नियम बदलतो किंवा ती बाजू फक्त ऐकण्याच्या मोडवर ठेवली जाते, आणि सेशन परत उभंच राहत नाही. मग तुम्ही आजचा बदल शोधत बसता, चूक मात्र सहा महिन्यांपूर्वीची असते. म्हणून दोन्ही बाजूंना लावा, आणि दोन्ही बाजूंना जाऊन डोळ्यांनी बघा.

मास्करेडचा घोळ

आता परत काकांकडे. त्याच रात्री मी लूपबॅक बनवले, ओएसपीएफमध्ये टाकले, दोन्ही बाजूंना सोर्स लावला. सोर्स देऊन पिंगही गेलं. सेशन काही उभं राहीना. रात्रीचा एक वाजला.

शेवटी दुसऱ्या राउटरवर १७९ पोर्टची पाकिटं बघायला बसलो. पहिल्या राउटरकडून येणाऱ्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता लूपबॅकचा नव्हता, लाइनचाच होता! सेटिंग बरोबर, तरी वाटेत पत्ता बदलत होता.

बदलत होतं मास्करेड. नॅटचा नियम लिहिताना मी बाहेर जाणारा पोर्ट दिलाच नव्हता, म्हणजे नियम सगळ्या लाइनना लागू. राउटरने स्वतः पाठवलेली पाकिटंही त्यातून जातात, आणि जाताना त्यांच्यावर लाइनचा पत्ता चिकटतो. पिंग मात्र परत येत होतं, कारण पिंगला पाठवणारा ओळखीचा असावा लागत नाही. पूर्वी सेशन लाइनच्याच पत्त्यावर होतं, त्यामुळे बदलून तोच पत्ता लागायचा आणि चूक झाकली जायची. आणि एकच कॉन्फिग मी तिन्ही राउटरवर कॉपी केलं होतं, म्हणून दोन्ही बाजूंचे फोन अनोळखी नंबरवरून जात होते. ग्राहकांचं दोनदा नॅट होत होतं ते वेगळंच.

पहिल्या राउटरवर मास्करेड फक्त अपस्ट्रीमच्या पोर्टपुरतं ठेवलं, बाकी दोघांवरून काढून टाकलं. सेशन लगेच उभं राहिलं.

कॉपी-पेस्टचा आणखी एक धोका सांगतो. एका राउटरचा बॅकअप दुसऱ्यावर चढवला आणि लूपबॅक किंवा राउटर आयडी तोच राहिला, तर दोघांमधलं आयबीजीपी सेशन नाकारलं जातं आणि ओएसपीएफही गोंधळतो. एक राउटर, एक लूपबॅक, एक आयडी.

अपस्ट्रीमच्या सेशनलाही लूपबॅक लावायचा का?

हा प्रश्न क्लासमध्ये दर बॅचला येतो. उत्तर: सहसा नाही. अपस्ट्रीमशी एकच लाइन असेल तर सेशन त्या लाइनच्या पत्त्यावरच बरं. लाइन तुटली तर सेशन पडायलाच हवं, म्हणजे दुसरा अपस्ट्रीम असेल तर रहदारी तिकडे वळते.

अपवाद एक. त्याच अपस्ट्रीमच्या त्याच राउटरशी दोन लाइन असतील आणि एकच सेशन दोन्हींवर चालवायचं असेल, तर लूपबॅक वापरतात. मग तीन गोष्टी लागतात: एकमेकांच्या लूपबॅककडे जायला दोन्ही लाइनवरून स्टॅटिक रस्ते, दोन्ही बाजूंना अपडेट-सोर्स, आणि ईबीजीपी मल्टीहॉप. मल्टीहॉप अशासाठी की बाहेरच्या सेशनची पाकिटं सहसा एकाच उडीपुरती असतात आणि शेजारी थेट जोडलेला असावा अशी अट असते. हे सगळं अपस्ट्रीमच्या माणसाशी बोलूनच करा. तुमच्या एकट्याच्या बाजूने ते होत नाही.

झालं की नाही, कसं ओळखायचं?

१. सिस्कोवर शो आयपी बीजीपी समरी बघा. शेवटच्या रकान्यात आकडा दिसला तर सेशन उभं आहे. तिथे 'अ‍ॅक्टिव्ह' शब्द दिसला तर खूश होऊ नका. बीजीपीत अ‍ॅक्टिव्ह म्हणजे "मी प्रयत्न करतोय, अजून लागलेलं नाही." या एका शब्दाने खूप जणांना फसवलंय, मलाही.

२. शेजाऱ्याची सविस्तर माहिती उघडा. लोकल होस्ट आणि फॉरेन होस्ट हे दोन्ही लूपबॅकचेच पत्ते दिसले पाहिजेत.

३. सेशन किती वेळ चालू आहे ते लिहून ठेवा. मग मधली लाइन मुद्दाम बंद करा. दोन्ही बाजूंचं नेट चालतंय का बघा, चार-पाच मिनिटं थांबा आणि सेशनचा वेळ परत बघा. वेळ पुढे सरकत राहिला पाहिजे. शून्यापासून सुरू झाला असेल तर काम अपूर्ण आहे.

४. चार-पाच मिनिटंच का? होल्ड टाइम तीन मिनिटांचा आहे. एका मिनिटात लाइन परत चालू केलीत तर चुकीचं सेटिंगसुद्धा पास होईल. मी पहिल्यांदा हीच चूक केली होती. लाइन तीस सेकंद बंद केली, पिंग जातंय बघितलं आणि काकांना सांगितलं, "झालं."

आता धंद्याचं बोलू

ती तिसरी टेस्ट मी दुसऱ्या रात्री काकांसमोर केली. त्यांनाच म्हणालो, "काका, तुमच्या हाताने पॅच कॉर्ड काढा." त्यांनी काढली. मोबाइलवर मोठ्या गावातल्या पोराला फोन लावून विचारलं, "नेट आहे का रे?" तो म्हणाला, "आहे की, का?" पाच मिनिटं आम्ही दोघं गप्प उभे होतो. नंतर काका म्हणाले, "हे तू पहिल्या दिवशी दाखवायला हवं होतंस." त्यावर बोलण्यासारखं काहीच नव्हतं. त्या दोन रात्रींचं बिल मी लावलं नाही. चूक माझी, तर तास माझे.

तेव्हापासून दुकानात तीन नियम आहेत. तुम्ही हा धंदा करणार असाल तर पहिल्या कामापासून लावा.

पहिला: जे तोडून बघितलं नाही ते वचन द्यायचं नाही. "रिंग आहे" हे वाक्य मी आता फायबर बघून बोलत नाही, टेस्ट करून बोलतो.

दुसरा: काम सोपवताना एक पानाचा टेस्ट कागद द्यायचा. कुठली लाइन काढली, किती मिनिटं, नेट चालू राहिलं का, तारीख आणि दोघांच्या सह्या. हा कागद ग्राहकाला विश्वास देतो आणि उद्या वाद झाला तर आपल्याला वाचवतो. कोटेशनमध्ये या टेस्टची वेगळी ओळ लिहा. फुकट म्हणून शेवटी टाकलेली गोष्ट घाईत राहूनच जाते.

तिसरा: वर्षाच्या मेंटेनन्समध्ये दर सहा महिन्यांनी हीच टेस्ट परत करायची. मधल्या काळात कोणीतरी नवीन राउटर बसवतो, कोणीतरी नॅटचा नियम टाकतो.

यात नवीन उद्योजकाला संधीही आहे. लहान केबलवाल्यांकडे असं अर्धवट झालेलं काम बरंच सापडेल. नवीन सामान न विकता, फक्त तपासणी आणि दुरुस्ती ही सेवा म्हणून विकता येते. लॅपटॉप, एक रात्र आणि नीट लिहिलेला कागद एवढंच भांडवल. मात्र दुसऱ्याच्या चालू नेटवर्कला हात लावण्याआधी बॅकअप आणि लेखी परवानगी दोन्ही घ्या.

गृहपाठ

१. तीन जुने राउटर किंवा कॉम्प्युटरवर सिम्युलेटर घ्या. वरची रिंग बांधा. आधी सेशन मुद्दाम लाइनच्या पत्त्यावर लावा, लाइन तोडा आणि दुसरा राउटर कसा एकटा पडतो ते बघा.
२. मग लूपबॅकवर लावा. आधी एकाच बाजूला अपडेट-सोर्स द्या आणि काय होतं ते लिहा. नंतर दोन्ही बाजूंना द्या.
३. बाहेरचा पोर्ट न देता मास्करेडचा नियम दोन्ही राउटरवर टाका, सेशन रीसेट करा आणि पाकिटावरचा पत्ता बघा.
४. स्वतःचा एक पानाचा टेस्ट कागद बनवा.

चूक घरच्या टेबलावर झाली तर ती शिकवणी, ग्राहकाकडे झाली तर तो तोटा. म्हणून चौथं काम सोपं वाटलं तरी सोडू नका.

पुढच्या धड्यात सहा राउटरची पंधरा सेशन कमी कशी करायची, म्हणजे रूट रिफ्लेक्टर, हे बघू. तोपर्यंत रिंग बांधा, आणि बांधलीत तर एकदा तोडून बघा.

भेटू या!